चिन्नाची पॉलिसी

लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारी ओळखीचं कोणी येऊन बसू नये, असं मला अलीकडे वाटतं. केळीच्या पानावर कोशिंबीर वाढून होते न होते तोच शेजारचा माणूस कोपराने हळूच ढोसतो आणि विचारतो, "राव, आमच्या टायगरचा हप्ता परत वाढलाय. पॉलिसी ठेवायची की सोडायची?"

इतकी वर्षं मी लगेच उत्तर द्यायचो. "ठेवा." आता मी भाताकडे बघतो आणि म्हणतो, "नंतर बोलू." नंतर मी त्यांना टाळतो.

मी म्हैसूरमध्ये विम्याचा एजंट आहे. गाड्या, दुकानं आणि गेली काही वर्षं बरेचसे कुत्रे. आमचे पूर्वज जुन्या म्हैसूर फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यामुळे गावात सगळे मला नुसतं 'राव' म्हणतात. घरात आम्ही जी मराठी बोलतो तिच्यात अर्धी कन्नड असते; लिहायची मराठी आईने हट्टाने शिकवली म्हणून हा लेख. संपादक म्हणाले, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. त्याही लिहितो. पण मनात घोळतंय ते वेगळंच आहे. एका कुत्र्याच्या बाबतीत मी जे केलं आणि जे केलं नाही, ते सांगितल्याशिवाय मला बाकीचं लिहिता येणार नाही.

आधी हा धंदा म्हणजे काय ते सांगतो. कुत्र्याचा विमा माणसाच्या आरोग्यविम्यासारखाच असतो. वर्षाला हप्ता भरायचा. कुत्रा आजारी पडला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं तर आधी आपल्या खिशातून खर्च करायचा, मग बिलं पाठवायची. कंपनी त्यातला ठरलेला भाग परत देते. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला आजार मात्र धरत नाहीत. एका वयानंतर नवीन पॉलिसी मिळत नाही. आणि चालू पॉलिसीत खंड पडला किंवा कंपनी बदलली की सगळं पहिल्यापासून सुरू.

हप्ता वाढतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे कुत्र्याचं वय. माणसाच्या मानाने कुत्रा फार भरभर म्हातारा होतो; काल पिल्लू म्हणून ज्याचा फोटो काढला, त्याचं तोंड बघता बघता पांढरं होतं. दुसरं म्हणजे उपचार. पूर्वी आमच्याकडे कुत्र्याचा डॉक्टर म्हणजे एक इंजेक्शन आणि दहीभाताचं पथ्य. आता स्कॅन आहे, गुडघ्याची ऑपरेशनं आहेत, डायलिसिससुद्धा करतात म्हणे. लोक करून घेतात, क्लेम येतात, कंपनी पुढच्या वर्षी सगळ्यांचाच हप्ता वाढवते. यात लबाडी कोणाचीच नाही. तरी वाढीव हप्त्याचा निरोप घेऊन दारात उभं राहायचं ते मलाच.

मी सुरुवात केली गाईम्हशींच्या विम्यापासून. हुणसूरच्या बसने पहाटे निघायचं, वाटेत कुठल्याशा फाट्यावर उतरायचं आणि तंबाखूच्या शेतांमधून चालत गोठे गाठायचे. विमा उतरवलेल्या गाईच्या कानात नंबराचा प्लॅस्टिकचा बिल्ला टोचतात. बिल्ला नाही तर क्लेम नाही, इतका साधा नियम. एका घरी डॉक्टर आणि मी पोचलो तो शुक्रवार होता. घरातली म्हातारी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. "शुक्रवारी लक्ष्मीच्या कानाला भोक पाडता? तुमच्या आईचे कान टोचा आज." डॉक्टर हसू दाबत मोटारसायकलकडे गेले. आम्ही शनिवारी परत आलो. त्या दिवशी म्हातारीने गाईच्या कपाळाला कुंकू लावून ठेवलं होतं आणि आम्हाला ताक दिलं.

त्या दिवसांत मला शिकवणाऱ्या जुन्या एजंटने एक गोष्ट पक्की सांगितली होती. जनावर बसलेलं असेल तर कागदाला हात लावायचा नाही. आधी उठवायचं, गोठ्यातून बाहेर काढायचं, चालवायचं. बसलेल्या जनावराचे चारही पाय चांगलेच दिसतात. मी शेकडो गाई चालवल्या असतील.

पुढे गाईंची कामं कमी झाली आणि म्हैसूरच्या गोकुलम भागात कुत्र्यांची सुरू झाली. तिकडे योगासनं शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांना खोल्या भाड्याने देणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे तीन गोल्डन रिट्रीव्हर. तिन्ही एकाच रंगाचे, एकाच आईचे. पॉलिसी फक्त ब्रूनोची. पण वर्षभरात ब्रूनोला आधी कानाचा आजार झाला, मग पोटाचा, मग त्वचेचा. कंपनीने मला प्रत्यक्ष बघून यायला सांगितलं. मी अंगणात उभा राहिलो आणि हाक मारली, "ब्रूनो." तिघेही शेपटी हलवत धावत आले.

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बघा, किती प्रेमळ आहेत."

"यातला ब्रूनो कुठला, सर?"

"आज कोण आजारी दिसतोय तुम्हाला?" त्यांनी मलाच विचारलं. आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर तिघांच्याही मानेत चिप बसवून घेतली आणि तीन पॉलिसी केल्या. माझा फायदाच झाला.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक खूष होतात. मीही पूर्वी रंगवून सांगायचो.

आता चिन्ना. नजरबाद भागात आमच्याच समाजाच्या ओळखीतलं एक शिंप्याचं घर आहे. विठ्ठलाचे भक्त, पिढ्यान् पिढ्या शिवणकाम. नामदेवराव कापड बेततात, रुक्माक्का शिवतात. अक्का बोलतात, नामदेवराव ऐकतात. कात्री चालू असली की त्यांना बोलायची गरजही पडत नाही. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घर फार रिकामं वाटतं म्हणून त्यांनी तपकिरी रंगाचं लॅब्रॅडोरचं पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं चिन्ना. कन्नडमध्ये चिन्ना म्हणजे सोनं. तो दिवसभर बेतायच्या टेबलाखाली पडून असायचा. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका कापडावरचे केस झटकत म्हणायच्या, "अक्का, अस्तर लावलंय की कुत्रा?" अक्का म्हणायच्या, "त्याचे वेगळे पैसे घेत नाही, बघा की."

पॉलिसी मीच दिली होती. दर वर्षी हप्ता वाढे, दर वर्षी अक्का विचारत आणि दर वर्षी मी 'ठेवा' म्हणे. चिन्ना सात वर्षांचा झाला तेव्हाची वाढ मात्र मलाच बघवेना. मी म्हटलं, "अक्का, दुसऱ्या कंपनीत हेच कव्हर कमी हप्त्यात मिळतंय. या वयानंतर तेही घेणार नाहीत. बदलू या."

"तुम्हाला बरं वाटतं तसं करा, राव. आम्हाला काय कळतंय?"

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि त्याचा भार मला कधीच जाणवला नव्हता.

संक्रांतीनंतर एके दुपारी मी नव्या कंपनीचे कागद घेऊन गेलो. चिन्ना टेबलाखाली झोपला होता. कुत्रा निरोगी आहे का, चालण्यात काही दोष आहे का, असे प्रश्न असतात; उत्तरं एजंट बघून भरतो. लग्नसराईचं काम अंगावर होतं, टेबलावर कापडांचा ढीग होता. मी वाकून फोटो काढला. चिन्नाने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला. मी 'दोष नाही' असं भरलं, चहा घेतला, निघालो. त्याला उठवलं नाही. उठवू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. मला फक्त कंटाळा आला होता, आणि घरचीच माणसं, त्यांना कशाला त्रास, असंही वाटलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला अक्कांचा फोन आला की चिन्ना मागचा पाय टेकत नाही. डॉक्टर माझ्या ओळखीचे म्हणून मीही बरोबर गेलो. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "कधीपासून?"

अक्का म्हणाल्या, "खूप दिवस झाले, सर. दसऱ्यापासूनच लंगडतोय."

मी शेजारच्या बाकावर होतो. डॉक्टरांनी ते संगणकावर टाकलं. नवी पॉलिसी संक्रांतीनंतरची. दसरा त्याच्या आधीचा. ते वाक्य डॉक्टरांच्या नोंदीत गेलं की कंपनी काय म्हणणार, ते मला तिथेच कळलं.

बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्या घरांमध्ये डॉक्टरांशी बोलायची एक रीत आहे. दुखणं कालचं असलं तरी महिन्याचं सांगायचं. कालचं सांगितलं तर डॉक्टर एक गोळी देऊन घरी पाठवतात, आणि जुनं सांगितलं की नीट तपासतात, अशी समजूत. माझी आई आयुष्यभर तसंच सांगायची. मला वाटलं, अक्कांनी तेच केलंय. मी तोंड उघडणार होतो. पण लगेच दुसरा विचार आला की खरंच दसऱ्यापासून असेल तर? मी शपथेवर काय सांगणार? मी त्याला चालताना पाहिलंच नव्हतं. आणि एजंटने मध्ये तोंड घातलं तर डॉक्टरांना वाटणार, हा पेशंटला पढवतोय. मी गप्प बसलो.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचा बंध तुटलाय, ऑपरेशन केलं नाही तर दुसऱ्या पायावर वजन येऊन तोही जाईल.

अक्कांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पॉलिसी आहे न्हवं, राव?"

मी म्हटलं, "आहे, अक्का."

खोटं नव्हतं. पॉलिसी होतीच. पिको-फॉलच्या नव्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी डॉक्टरांना भरले. ऑपरेशन चांगलं झालं. चिन्ना गळ्यात ती प्लॅस्टिकची मोठी कॉलर घालून टेबलाखाली मावेना, म्हणून नामदेवरावांनी आपलं बेतायचं टेबल विटांवर चढवलं आणि महिनाभर हात वर करून कापड कापलं.

मग कंपनीचं उत्तर आलं. आजार पॉलिसीच्या आधीचा असल्याने क्लेम नामंजूर.

ते सांगायला मी स्वतः गेलो. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. अक्कांनी मशीन थांबवलं.

"दसऱ्यापासूनचं हे कुठून काढलं त्यांनी?"

"तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत, अक्का."

"अय्यो, डॉक्टरला तसंच सांगतात की. दोन दिवस म्हटलं तर सुम्ने गोळी देऊन पाठवतात." सुम्ने म्हणजे उगीच, नुसतंच. "तुम्हाला ठाऊक नाही काय?"

"ठाऊक होतं."

"तुम्ही तिथंच होता न्हवं? मग का नाही बोललात?"

मी कंपनीच्या पत्राची घडी घालू लागलो. तेव्हा नामदेवराव कात्री खाली ठेवून म्हणाले, "दसऱ्याला राजवाड्यापाशी तोफा उडाल्या, तेव्हा हा घाबरून या टेबलावर उडी मारून चढला होता. गिऱ्हाईकाचा खण फाडला. लंगडा कुत्रा कसा चढेल?" मी त्यांना एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

अक्का लगेच म्हणाल्या, "हेच लिहून द्या, राव. पॉलिसी करताना कुत्रा चांगला चालत होता, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तुमचं ऐकतील ते."

कदाचित ऐकलं असतं. एजंटने स्वतः पाहिल्याचं लेखी दिलं तर फेरविचार होतो कधीकधी. मी नामदेवरावांवर विश्वास ठेवत होतो, आजही ठेवतो. फक्त मी पाहिलं नव्हतं.

"अक्का, मी त्याला उठवलाच नव्हता त्या दिवशी."

त्यांना आधी समजलं नाही. समजल्यावर त्या म्हणाल्या, "मग दोष नाही म्हणून कसं भरलंत?"

"तसंच भरलं."

मशीन परत सुरू झालं. त्या दिवशी चहा मिळाला नाही. मला बरंच वाटलं.

दोन दिवस विचार करून मी कंपनीला खरं ते लिहिलं. कुत्रा तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. डॉक्टरांपुढे सांगितलेला काळ घरगुती सवयीचा होता. कुत्र्याच्या मालकांच्या सांगण्यानुसार दसऱ्याला कुत्रा धडधाकट होता. माझ्या चुकीची शिक्षा गिऱ्हाइकाला देऊ नये. हे वाचून कोणाचं तरी मन द्रवेल, असं मला का वाटलं कोण जाणे. उत्तर आलं की निर्णय कायम आहे. शिवाय माझ्यामार्फत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला यापुढे डॉक्टरांचा तपासणी दाखला लागेल. म्हणजे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचा खर्च वाढला. मी विमा लोकपालाकडे जायचा मार्गही अक्कांना समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "साकु, राव. पुरे झालं. आता अजून कुठं खरं-खोटं सांगत फिरू?"

या साऱ्यात चिन्ना मात्र हळूहळू पाय टेकायला लागला.

या वर्षी संक्रांतीनंतर त्याच्या पॉलिसीची मुदत संपत आली. हप्ता परत वाढला होता, आणि आता मागचे दोन्ही गुडघे कव्हरमधून वगळले होते. एक गेला की दुसराही जाणार असं धरतात. मी नजरबादला गेलो. निरोप सांगितला आणि उभाच राहिलो. अक्का 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नाही असं ठरवलं होतं.

त्या 'बसा' म्हणाल्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला, पण नेहमीच्या आवाजात नाही. "ठेवायची की सोडायची? या वेळी एजंट म्हणून सांगू नका."

मी खूप वेळ विचार करून आलो होतो. मी म्हटलं, "पिल्लू असतं तर ठेवा म्हटलं असतं. अपघात होतात, मोठं ऑपरेशन येतं, तेव्हा उपयोग होतो; मी लोकांना पैसे मिळालेले पाहिलेत. पण आता त्याचं वय झालंय. हप्ता दर वर्षी वाढणार आणि कव्हर दर वर्षी आकसणार. जे व्हायची भीती आहे तेच नेमकं त्यातून गेलंय. माझं घर असतं तर मी सोडली असती, आणि हप्त्याचे पैसे चिन्नाच्या नावाने बाजूला टाकले असते."

"आणि उद्या पोटाचं काही निघालं तर?"

"तर मी चुकलो."

"परत तुम्हीच चुकणार," अक्का म्हणाल्या. "आम्हाला कधी चुकायला मिळायचं?"

नामदेवराव हसले. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी त्यांच्याकडे, आणि अक्का म्हणाल्या, "सोडतो आम्ही. तुम्ही म्हणता म्हणून नाही हां. आम्हीच ठरवलं."

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं की आज मी एक गिऱ्हाईक घालवलं. ती म्हणाली, "हल्ली तेवढंच करता तुम्ही." खरं आहे. त्यानंतर मी बऱ्याच जणांना सोडा म्हणून सांगितलंय, काहींना ठेवा म्हणूनही. पण 'ठेवा' म्हटल्यावर पूर्वी निश्चिंत झोप लागायची. आता जो कोणी माझ्या सांगण्यावरून सोडतो, त्याच्या कुत्र्याचं काय होतंय याची काळजी माझ्या डोक्यावर राहते. कंपनी त्या जोखमीतून मोकळी होते, मी होत नाही.

श्रावणात एका सकाळी अक्कांचा फोन आला. पडद्यावर नाव बघून मी क्षणभर तो तसाच वाजू दिला.

"राव, चिन्ना खात नाही. अंग गरम लागतंय."

नवव्या वर्षातला लॅब्रॅडोर खात नाही म्हटल्यावर जे जे मनात येतं ते सगळं आलं. मी स्कूटर काढली. डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा अक्का आणि नामदेवराव चिन्नाला रिक्षातून उतरवत होते. मी त्याच बाकावर बसलो.

डॉक्टरांनी ताप पाहिला, पोट दाबलं आणि विचारलं, "कधीपासून?"

अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "आज सकाळपासून," त्या म्हणाल्या. "काल रात्री चांगला जेवला. विचारा हवं तर यांना."

नामदेवरावांनी मान हलवली. आता पॉलिसीच नव्हती; त्यांनी ते कसंही सांगितलं असतं तरी कोणाला फरक पडणार नव्हता. मी ते त्यांना सांगितलं नाही.

डॉक्टरांनी चिन्नाच्या डोक्यावर थोपटलं, एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "दोन दिवस बघा. नाही उतरला तर या."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. चिन्ना रिक्षात चढायला तयार होईना. नामदेवराव त्याला मागून ढकलत होते. अक्का पदराने चष्मा पुसत माझ्याजवळ आल्या.

"बघितलंत, राव?" त्या म्हणाल्या. "खरं सांगितलं. एक गोळी."